माझं घडाघडा कन्नड

मयताच्या घरातून निघताना मी मोठ्यानं म्हणाले, "होगि बर्तेनि, आक्का." म्हणजे, जाऊन पुन्हा येते. आपल्यात काय, कन्नड लोकांत काय, दुःखाच्या घरी असं कुणी म्हणत नाही. गुपचूप उठायचं आणि चालू लागायचं. मराठीत माझ्या तोंडून हे मेलं तरी निघालं नसतं. कन्नडात निघालं, आणि तेही झोकात.

झोक होताच मला. माहेर येळ्ळूरचं, आमच्या घरात कन्नड म्हणजे परकी भाषा. लग्न होऊन कन्नड विणकरांच्या खासबागेत आले आणि भाजीवाली, बसचा कंडक्टर, नळावरच्या बायका, सगळ्यांशी घडाघडा बोलू लागले. अडलं तरी थांबायचं नाही, हा बाणा. शेजारची विणकर आक्का कन्नडात म्हणायची, "हिचं तोंड बघा, मागासारखं चालतंय!" मी बावळट, ते कौतुक समजून फुगायची. आता नात फोनवर जर्मन शिकते, आरशापुढं बोलते. तिला बघून मला मीच दिसते.

त्या आक्काचाच नवरा गेला होता. मी बाजारात जमवलेलं सगळं कन्नड तिच्यापुढं ओतलं, आणि वर ते "बर्तेनि". तिच्या सासूनं तोंड फिरवलं. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "आता थोडे दिवस तिकडं फिरकू नकोस."

फिरकू नको? माझ्या बाळंतपणात जिनं रोज गरम भाकरी पाठवली, तिला असं सोडायचं? दुसऱ्याच दिवशी गेले. दारातच सासू कन्नडात म्हणाली, "आली बघा, सांगून गेली होती तशी!"

ऐकून घेतलं. खाली बसले आणि तोंड मिटलं. पोटासाठी माग पुन्हा सुरू करायचा होता, म्हणून आक्का सूत गुंडाळून मागाच्या कांड्या भरत होती. मीही भरू लागले. रोज जायची, भरायची, ऐकायची. दुःखातलं कन्नड मला येतच नव्हतं. तिथं वाक्यं अर्धी राहतात. कुठं सोडायची, हे बाजारात कोण शिकवणार?

एक दिवस मात्र बोलायचंच ठरवलं. तिच्या नवऱ्याच्या मागाचा आवाज येत नाही, तर माझंही घर ओकंबोकं वाटतं, एवढंच सांगायचं होतं. शब्द सापडेनात. अडखळले, थांबले, पुन्हा सुरुवात केली, कसंबसं संपवलं.

आक्कानं हातातली कांडी खाली ठेवली आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "व्हय गं. मला बी. समदे धीर धर म्हणत्यात, हे कुणी बोललंच न्हाय."