अक्षर पाहायचा कागद
तर्रीपोह्यांचा वास आला की बोरगाव मेघेतली ती सकाळ आठवते. मी तेव्हा फुटबॉलच्या बातम्यांसाठी भारत आणि नेपाळ अशा दोन्ही देशांत फिरत असे, आणि मला पाहायला पाहुणे आले होते. मुलाचे मामा म्हणाले, "लग्नानंतर हे बॉलबिल सोडून देजो, पोरी. बातमीसाठी नेपाळात काऊन जा लागते?" मग रिवाजाप्रमाणे अक्षर पाहण्यासाठी त्यांनी कागद पुढे केला आणि नाव-गाव लिहायला सांगितलं. मी लिहिलं, "रविवारी काठमांडूत सामना आहे. मी जाणार. लग्नानंतरही जाईन." मामांनी ते मोठ्यानं वाचलं आणि कागद खाली ठेवला. बाबांनी विचारलं, "अक्षर तं चांगलं हाये ना, भाऊ?" सोयरीक जमली नाही. आजही मी दोन्ही देशांतून लिहिते, आणि त्या कागदावरचा एकही शब्द बदलायला तयार नाही.