हात खोटं बोलतो

आमच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं थर्मामीटर वाटत आलेल्या माणसाला मुलं डिग्रीकाका म्हणत. स्वतः दहावीच्या पुढे गेलेले नाहीत, पण "या शाळेत सगळ्यात जास्त डिग्र्या माझ्याकडे आहेत" असं मुख्याध्यापकांनाही ऐकवत. हुद्दा परिचराचा, तोरा शास्त्रज्ञाचा. मी विज्ञानाची बाई, पण तिथे माझी सत्ता फळ्यापुरती.

थर्मामीटर चोवीस. शाळा उघडली की काका एकेकाला आधी बर्फात आणि मग उकळत्या पाण्यात बुडवून बघत आणि कोण किती थापा मारतो ते ठरवत. जास्त दाखवणाऱ्याला लाल दोरा, कमी दाखवणाऱ्याला काळा. चार नंबरला दोराच नव्हता. "हा माझा थोरला, याची चूक व्हायची नाही," म्हणत. काकांना मूलबाळ नव्हतं.

आठवीच्या नव्या वर्गाचा पहिला प्रयोग त्यांच्या मालकीचा. तीन भांडी मांडत: एकात गार पाणी, एकात सोसेल इतकं गरम, मधल्यात कोमट. एक हात गारात, दुसरा गरमात, मग दोन्ही मधल्यात. गारातून आलेल्या हाताला तेच पाणी गरम लागे, गरमातून आलेल्याला गार. मुलं चक्रावून जात. मग काका चार नंबर मधल्या भांड्यात सोडत आणि खड्या आवाजात सांगत, "हात खोटं बोलतो. पारा नाही!" कुणी नळी बाहेर काढून डोळ्यांशी नेलीच, तर संपलं. "आत ठेवून वाच! बाहेर काढलास की उतरला पारा!" हे ओरडणं शेजारच्या वर्गालाही पाठ झालं होतं.

दोन वर्षांपूर्वी काकींची एक बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. "पूर्वी ती बोलायची थांबत नव्हती म्हणून मी कावायचो," काका मला म्हणाले होते. "आता तिला काय होतंय ते विचारता येत नाही बाई. मोजावं लागतं." आणि ते मोजत. किती घोट पाणी प्याली, किती घास खाल्ले, ताप किती. शाळेच्या वेळात शेजारची वहिनी बसे.

त्यातच त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. मला कळलं होतं, कारण हल्ली ते पारा स्वतः वाचेनासे झाले होते. "वाच रे, बघू तुला येतं का," म्हणून मुलांकडून वाचून घेत. ऑपरेशन करून घ्या, असं मी दहा वेळा सांगितलं.

"मी आठ दिवस डोळे मिटून बसलो, तर तिच्याकडे कोण बघणार?"



परीक्षेच्या आठवड्यात काकींना कणकण आली. घरातला तापाचा थर्मामीटर काकांच्या हातून पडून फुटला होता. दुकानात मिळत होते ते सेलवाले, नुसता आकडा उजळणारे. त्यांच्यावर काकांचा काडीचा विश्वास नव्हता. म्हणून माझ्या परवानगीने त्यांनी चार नंबर घरी नेला. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, अडतीसच्या वर गेला तर ताबडतोब आणा.

"कसं आहे काका?"

"सदतीस. ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी सदतीस. तिसऱ्या दिवशीही सदतीस. डॉक्टरांनाही फोनवर तेच सांगितलं. काकांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, त्यामुळे डॉक्टर निश्चिंत आणि मीही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कपाटाची किल्ली घ्यायला मी त्यांच्याकडे गेले. एकच खोली, आत कॉट, दूर समोरच्या भिंतीला खिडकी. वहिनी दारातच म्हणाली, "बाई, तुम्ही तरी सांगा. कपाळ नुसतं भाजतंय हो त्यांचं."

"वहिनी, हात खोटं बोलतो," आतून काका म्हणाले.

त्यांनी काकींच्या काखेतून नळी काढली. डोळे बारीक करून पाहिलं, दिसलं नाही. मग सावकाश चालत खिडकीशी गेले, नळी उजेडात धरली, फिरवली, पुन्हा फिरवली, पाऱ्याची रेघ शोधत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "सदतीस."

तापाच्या थर्मामीटरमध्ये चढलेला पारा झटकेपर्यंत तिथेच थांबतो. आमच्या शाळेतल्यात थांबत नाही, काढला की उतरतो. हे मला ज्यांनी शिकवलं तेच खिडकीत उभे होते.

"काका," मी म्हटलं, "बाहेर काढून वाचताय?"

ते वळले. आधी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या नळीकडे. नळी माझ्या हातात दिली आणि कॉटच्या कडेला बसले. मी ती पुन्हा काकींच्या काखेत धरली, पाच मिनिटं थांबले आणि वाकून, आत ठेवूनच वाचलं.

साडेएकोणचाळीस.

गाडी आली, काकींना दवाखान्यात नेलं. छातीत कफ भरला होता. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणायला हवं होतं. पाचव्या दिवशी काकी गेल्या. काकांनी मला एवढंच विचारलं, "बाई, एकतीस वर्षांत मी कुणाला बाहेर काढून वाचू दिलं का हो?" मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? सदतीस सदतीस मीही तीन दिवस ऐकून घेतलंच होतं.

सुट्टीत त्यांनी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. आता वेळच वेळ होता. "आता बारीकातली बारीक रेघ दिसते, बाई," म्हणाले आणि तोंड फिरवलं.

शाळा उघडली. आठवीचा नवा वर्ग आला. काकांनी तीन भांडी मांडली. चार नंबर पेटीतून काढून टेबलावर ठेवला. एका मुलीने गारातला हात मधल्या भांड्यात घातला आणि ओरडली, "काका, हे पाणी गरम आहे!"

मी फळ्याशी उभी राहून त्या खड्या आवाजाची वाट बघत होते. काका थर्मामीटरकडे बघत राहिले. उचलला नाही.

"हाताला गरम लागतंय ना?" ते हळूच म्हणाले. "मग गरमच असेल, बाळा."

मुलीने वहीत लिहिलं, पाणी गरम आहे. ते चूक होतं. मी ते खोडायला सांगितलं नाही.