मूठभर तांदूळ, चिमूटभर मीठ

जपानमधल्या कावासाकी शहरातलं ते घर अजून माझ्या स्वप्नात येतं, आणि दरवेळी रिकामंच येतं. भिंतीवर मार्चचं पातळ ऊन, लांबून जाणाऱ्या ट्रेनची घरघर आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मूठभर तांदूळ.

भूकंपानंतर आम्ही घाबरून पुण्याला पळालो होतो. तीन महिन्यांनी परतलो, तर पळून गेलेली म्हणून शाळेत लेकीला कुणी हाकही मारेना. तिला पुन्हा माणसांत आणलं ते गल्लीतल्या रांगेने. तिथली मुलं रोज सकाळी रांगेने शाळेत जातात आणि सहावीतलं मूल पिवळा झेंडा घेऊन पुढे चालतं. सहावीत तो झेंडा हिच्या हाती आला. वर्ष संपताना, एका मंगळवारी, तो तिने पाचवीतल्या मुलीकडे सोपवायचा होता. पोरगी त्या मंगळवारावर जगत होती.

त्याच वर्षी घरमालकाच्या कंपनीचं दिवाळं निघालं. कोर्टाने नेमलेल्या वकिलांना घर रिकामं करून विकायचं होतं. आम्ही हटलो नाही. भांडण कोर्टात गेलं आणि शेवटी तडजोड झाली: अमुक शुक्रवारी दुपारी बाराला घर सोडायचं. आत एकही वस्तू राहिली तर घर सोडलं असं धरणार नाहीत, आणि मग नवा खटला न चालवता कोर्टाची माणसं आम्हाला बाहेर काढू शकतील.

नवऱ्याने कॅलेंडर न बघता सही ठोकली. तो शुक्रवार झेंड्याच्या मंगळवाराआधीच येत होता.

"तारीखच आहे ना, ढकलू पुढे," हे म्हणाले. इतकी वर्षं तिकडे तोक्योतल्या तोयोसुत जपानी लोकांबरोबर काम करून हे शहाणपण! मी बोलणंच सोडलं त्यांच्याशी. आमचं नवं घरही तोयोसुलाच होतं. गल्ली सुटली की रांगही सुटणार होती.

मीच गेले कोर्टाने नेमलेल्या त्या वकिलांकडे. सगळे त्यांना आदराने सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणत. पांढरे केस, हळू बोलणं. मी रांगेचं सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"कागद मला बदलता येत नाही," ते म्हणाले. "कंपनीत पैसे अडकलेले बरेच लोक या घराच्या विक्रीकडे डोळे लावून बसलेत."

त्यांचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

शुक्रवारी सकाळी सामान गेलं. मी घर झाडलं, पुसलं आणि सवयीने कोपऱ्यात कागदावर मूठभर तांदूळ आणि चिमूटभर मीठ ठेवलं. आई म्हणायची, ज्या घराने आपल्याला जेवू घातलं त्याला उपाशी टाकून निघू नये. तडजोडीतलं ते कलम डोक्यातून साफ गेलं होतं.

सेन्सेई बाराला आले. एकेक कपाट उघडून बघत कोपऱ्यापाशी आले आणि गुडघे टेकून बसले. "हे काय?"

मी ओशाळून आईचं म्हणणं सांगितलं आणि कागद उचलायला वाकले.

"हात लावू नका." त्यांनी पिशवीतून तडजोडीचा कागद काढला आणि ते कलम सावकाश वाचलं.

"घर रिकामं नाही," ते म्हणाले. "आज मला ताबा घेता येणार नाही. बुधवारी दुपारी पुन्हा येतो." मग त्यांनी बूट घातले आणि मागे न बघता निघून गेले.

ते पाच दिवस आम्ही पाण्याखाली राहिल्यासारखे काढले. शेजारणीच्या गाद्या, पडदे नसलेल्या खिडक्या, दुसऱ्या खोलीतून घुमत येणारं लेकीचं जपानी गाणं. नवऱ्याशी मी पुन्हा बोलायला लागले. तांदळाला कुणी हात लावला नाही.

मंगळवारी सकाळी मी दारात उभी राहिले. गल्लीच्या वळणावर रांग थांबली. लेकीने दोन्ही हातांनी झेंडा पुढे केला, वाकून नमस्कार केला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. मी तिथेच रडले.

बुधवारी सेन्सेई आले आणि थेट कोपऱ्याकडे गेले. तिथे काही नव्हतं. तांदूळ मी सकाळीच उचलले होते आणि मिठाचे कणही ओल्या फडक्याने टिपून घेतले होते.

"या वेळी नाही ठेवलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "तुमचं घर रिकामं आहे."

त्या घराला उपाशी टाकून निघाले, हे आईला मात्र मी कधीच सांगितलं नाही.