पंधरा इंचांची बाही

आमच्या शिंपी घराण्यात कापडावर तेलकट डाग पाडणे हा मोठा अपराध समजला जातो. लग्न होऊन मी म्हैसूरला आले तेव्हा पहिला धडा तोच मिळाला आणि उतारवयात कोपरांवरच्या जुन्या सोरायसिसवर उपचार घेताना तोच मला नडला.

कुवेंपुनगरातल्या डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीचे मलम लिहून दिले: दिवसातून दोनदा पातळ थर लावायचा, चेहऱ्याला लावायचे नाही, नंतर बोटे धुवायची. मी मान डोलावली. आयुष्य ग्रंथालयाच्या शांततेत नोकरी करण्यात गेल्यामुळे असेल, शंका विचारणे मला आजही जमत नाही.

तीन महिन्यांवर पुतणीचे, थोरल्या जाऊबाईंच्या मुलीचे, लग्न होते. बांगड्या भरताना कासारीण हात हाती घेते, बाही वर सरकवते आणि भोवती घरभर बायका असतात. म्हणून मी वर्षानुवर्षे असे प्रसंग टाळत आले होते. पण आता मी एकुलती एक काकू होते, आणि यंदा तरी उघड्या हातांनी बसावे, असे मनापासून वाटत होते.

महिना उलटला, तरी कोपरे होती तशीच. एके सकाळी थोरल्या जाऊबाईंनी, ज्या आम्हा सर्वांचे ब्लाऊज शिवतात, मला मलम लावून पाच मिनिटांत चिंधीने पुसताना पकडले. मी चाचरत डागाचे कारण सांगितले.

"साकु, पुरे झालं पुसणं," त्या म्हणाल्या. "ब्लाऊज खराब झाला तर दुसरा शिवीन. दुसरं कोपर कुठून आणू?"

त्याच दुपारी त्यांनी माझ्या दोन जुन्या ब्लाऊजांच्या बाह्या कापून टाकल्या. घरात मी तेच घालू लागले. हळूहळू खपल्या विरळ झाल्या, लाली उतरली. डाव्या कोपरावर मात्र रुपयाएवढा गुलाबी ठिपका राहिला.

लग्नाच्या ब्लाऊजचे माप घेताना जाऊबाईंनी नेहमीप्रमाणे न विचारताच बाहीपुढे पंधरा लिहिले.

"वैनी, सहा," मी म्हणाले.

त्यांनी आकडा खोडला, आणि मग बराच वेळ दोऱ्याचे रीळ शोधत राहिल्या. रीळ समोरच होते.

बांगड्यांच्या दिवशी कासारणीने माझा हात धरला, ठिपका पाहिला आणि कन्नडमध्ये विचारले, शिंप्याच्या घरात इस्त्री लागली वाटते? हो म्हणणे सोपे होते. पण मी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, की सोरायसिस आहे, तो कुणाला लागत नाही आणि मलम चालू आहे.

तिने मान हलवली, माझी बोटे दाबून पाहिली आणि विचारले, "डझनभर भरू?"


"भरा," मी म्हणाले, "दोन्ही हातांत."