खारबावचा रिकामा चौकोन

आमच्या ह्यांना बोट दाखवून काही सांगायची सवयच नव्हती. भर रस्त्यात स्कूटर थांबवायचे, मागे वळून भुवया उडवायचे आणि म्हणायचे, "बघ." काय बघ? तर ते माझं मी शोधायचं. मागून ट्रकवाले हॉर्न मारून जीव खातायत, डोक्यावर ऊन, आणि स्वारी ढिम्म. मला सापडेपर्यंत स्कूटर हलायची नाही.

मानकोलीला एकदा असंच उभं केलं. मी गोदामं बघितली, पाट्या बघितल्या, चहाची टपरी बघितली. शेवटी चिडून म्हटलं, "अहो, धूळ खायला आणलंत का मला?" ओरडूनही उपयोग नव्हता. भिवंडीच्या लूमवर, यंत्रमागाच्या खडखडाटात जन्म काढलेला माणूस, कान कधीचे गेलेले. ते नुसते माझ्या ओठांकडे बघून हसले. मग दिसलं. रांगेत उभ्या ट्रकांवर निळी ताडपत्री आणि तिच्यावर आवळलेल्या पिवळ्या दोऱ्यांच्या फुल्या, प्रत्येक ट्रकवर वेगळ्या. मी "हां" म्हटलं आणि लगेच किक बसली.

त्या फुल्या माझ्या गोधडीत आल्या. गोधड्या मी लग्न झाल्यापासून शिवतेय. सासूने शिकवलं तशा साध्या, ओळीने धावदोरा घातलेल्या. पण ह्यांचं काम सुटलं, दिवसभर घरात दोघंच, आणि मग संध्याकाळचं फिरणं सुरू झालं. तेव्हा ही वेगळी गोधडी धरली. एक फिरणं, एक चौकोन. खाडीवर बांबूला वाळत घातलेल्या बोंबलांचा एक. हॉटेलातल्या टेबलावर बशांनी उमटलेल्या चहाच्या गोलांचा एक. विजेच्या तारेत अडकून फाटलेल्या पतंगांचा एक. विहारातल्या बायका बघून म्हणायच्या, किती डोकं चालतं गं तुझं! माझं कसलं डोकं, दिसायचं सगळं ह्यांना. मी फक्त शिवायचे.

सुईत दोरा ओवायचं कामही त्यांचंच. मोतीबिंदू काढल्यापासून मला सुईचं भोक म्हणजे वैताग. त्यांचे कान गेले तरी हात जागेवर होते. तुटलेला धागा चालत्या लूमवर जोडणारी बोटं ती, त्यांना सुई म्हणजे काय. फिरून आलो की हातपाय धुवायच्या आधी दोऱ्यांचा डबा उघडायचे, त्या दिवशी जे बघितलं त्याचे रंग काढायचे आणि सुया ओवून दाराच्या पडद्याला टोचून ठेवायचे. मी कावायचे. "अहो, एखाद्या पाहुण्याच्या अंगात घुसेल!" ऐकतंय कोण.

मी खाली बसून शिवायचे, ते माझ्या मागे लोखंडी खाटेवर आडवे असायचे. दोरा संपला की मी शिवताना बोटात घालायचं ते अंगठीसारखं अंगुस्तान खाटेच्या पायावर आपटायचे. टक टक. हाक ऐकू येत नसली तरी खाटेचा हादरा त्यांना कळायचा. उठून पडद्याची दुसरी सुई काढून माझ्या हातात द्यायचे.

थंडीत त्यांचा दम वाढला. गोधडीत एकच चौकोन रिकामा राहिला होता, अगदी मधला. मी ओठ नीट हलवत विचारलं, "आता कुठे?"

"खारबाव."

"माझ्या माहेरी? तिथलं काय दाखवणार तुम्ही मला? जन्म झालाय माझा तिथे."

दुसऱ्या दिवशी बघते तर पडद्याला नव्या सुया. सगळ्यांत एकाच रंगाचा दोरा, गडद वांगी. मला हसू आलं आणि रागही आला. "अहो, आधी जाऊ तर द्या! न बघताच रंग काढला?"

"सापडेल तुला," म्हणाले. "जरा दम उतरू दे, जाऊ."

दम काही उतरला नाही. दवाखान्यात नेलं, आणि तिथून आणलं ते चादरीत गुंडाळूनच.

विहारात पुण्यानुमोदनाचा विधी झाला, माणसं पांगली. सून बिचारी मागे राहून घर आवरत होती. तिने धुवायला म्हणून दाराचा पडदा काढायला घेतला आणि मी केवढ्यांदा तरी ओरडले, "हात लावू नकोस त्याला!" पोरगी घाबरून दोन पावलं मागे सरली. तिचं काय चुकलं होतं? तिला जवळ घेतलं आणि मग मी जी रडायला लागले ती थांबेचना. रडताना मला ह्यांचा रागच येत होता. जायचं तर जायचं, पण सांगून तरी जायचं ना. एवढ्या सुया ओवून ठेवल्या आणि कशाच्या ते सांगितलं नाही. आता मी काय शिवू त्या चौकोनात?

म्हणून एकटीच गेले. रिक्षात मागे एकटी बसले तर पुढे ह्यांची पाठ नाही, नुसता वारा तोंडावर. खारबावला उतरले आणि त्यांच्यासारखी उभी राहून बघू लागले. स्टेशनाकडे गेले, तिथे वांगी काही नाही. कापलेली शेतं भुरकी पडलेली. तळ्यावर बायका धुणं धूत होत्या, त्यात लाल, पिवळं, सगळं होतं, वांगी तेवढं नव्हतं. एका वाडीत खरीखुरी वांगी लागलेली दिसली. मी कुंपणाला धरून उभी. मनात म्हटलं, अहो, वांग्यांसाठी? एवढा जीव काढलात माझा तो वांग्यांसाठी? आणि तिथेच, लोकांच्या कुंपणाशी, मला पुन्हा रडू फुटलं. कारण हे ते नव्हतं. सापडलं की मला आतून "हां" यायचं, ते आलं नाही.

माहेरच्या घरी आता थोरली वहिनीच आहे. तिने मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, चहा टाकला. मी तिला सगळं सांगितलं. पडद्याची एक सुई बरोबर नेली होती, ती पिशवीतून काढून दाखवली. तिने दोरा बोटावर घेतला, उजेडाकडे धरला आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"अगं येडे, ही माजी साडी हाय."

"कुठली साडी?"

"तुला बघाय आल्ते तवा तुज्याकडं धड साडी न्हवती. माजी नेसवली तुला. वांगी कलरची. हितंच बसवलेली, आता बसलीस ना, तितंच."

मला काही म्हणजे काही आठवेना. त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं, की पोह्यांची बशी हातात होती आणि मी माझ्या पायांच्या बोटांकडे बघत होते. साडी कुणाची, रंग कुठला, शुद्ध कुणाला होती.

"मी मागनं ढोसत होते, अगं वर बघ, वर बघ. तू काय बघितलंस न्हाय," वहिनी म्हणाली. "त्यांची नजर मातर हलत न्हवती. आन् जाताना मला दारात गाठून इचारतात कसं, वैनी, ह्या रंगाला काय म्हनतात? मी हसले. म्हनलं, भिवंडीत कापड इनता ना तुमी? तर म्हनले, आमच्याकडं सगळं पांढरंच असतं."

चहा निवून गेला. मी त्या ओट्यावर बसून होते आणि समोर अंगणात, जिथे ते तेव्हा बसले असतील, तिथे कुणी नव्हतं. इथे आणून ते मला असंच बसवणार होते. स्वतः समोर उभे राहून भुवया उडवणार होते. मी ओटा बघितला असता, भिंत बघितली असती, चिडले असते, भांडले असते. जगभर शोधलं असतं, स्वतःकडे बघायचं मला सुचलंच नसतं. सगळ्या जन्मात मला असं कुणी बघितलं नव्हतं, आणि आता बघणार नाही.

घरी येऊन चौकोन शिवायला घेतला. नक्षी काही काढली नाही. त्यांच्याच लूमचं एक पांढरं कापड लावलं आणि त्यावर नुसत्या ओळी घालत गेले, जवळजवळ, कापड झाकेपर्यंत. पडद्याच्या सुया एकेक करून काढत होते. शेवटची सुई घेतली. थोडीच जागा राहिली असताना तिचाही दोरा संपला.

मी मागे न बघता खाटेच्या पायावर अंगुस्तान आपटलं. टक टक. आणि हात मागे तसाच धरून बसले.