चांगल्या मरणाची तालीम

माझे वडील दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मरत असत. कारखान्यातली पहिली पाळी संपवून दुपारी घरी यायचे, अंघोळ करायचे, लग्नातला काळा कोट चढवायचे आणि चटईवर उताणे पडायचे. हातात जपमाळ, उशाशी मेणबत्ती.

गावाकडच्या मिशनमधल्या फादरांनी त्यांना चांगल्या मरणाची ही तयारी शिकवली होती, आणि पिंपरीत नोकरीला आल्यावरही त्यांनी ती सोडली नाही. आम्ही भावंडं भोवती गुडघे टेकून एकेका संताला हाक मारायचो, 'यांच्यासाठी विनंती कर.' मग वडील डोळे मिटून आपली सुखं देवाला परत करत. सायकल. तंबाखू. रविवारचं मटण. 'तुझंच होतं, घे.' शेवटी आम्ही पोरं. सुख तळहातावर ठेवावं, मूठ आवळू नये, असं ते म्हणत. मग उठून चहा मागत.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा शेजारच्या मावशींनी दारातच बोंब ठोकली, "अगं पोरींनो, दाजी गेलं का काय?"

वडील ताडकन उठून बसले. "न्हाई वैनी, आज नुसती तालीम."

तेव्हापासून आमचा शुक्रवार आळीला फुकटचा तमाशा झाला. मला तर तो फार आवडे. मी रडून दाखवायची, अगदी खरे अश्रू.

त्या वर्षी आईला सातवा महिना लागला होता. पाय सुजून खांबासारखे झाले होते, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. सुईण आली, वडिलांना दाराबाहेर नेऊन काहीतरी बोलली. वडील आत आले आणि बराच वेळ सायकलची चेन पुसत बसले. स्वच्छच होती ती.

त्या शुक्रवारी त्यांनी सगळं परत केलं. सायकल, तंबाखू, मटण, पोरं.

आई लसूण सोलत होती. "मी राहिले की."

"तुझं नंतर."

"नंतर म्हणजे कधी? सुईण काय म्हणाली, ते सांगून टाका ना."

"काही नाही म्हणाली."

"कोट घालून खोटं बोलू नका. सरका तिकडं. आज मी मरते."

आणि ती खरंच त्यांच्या शेजारी आडवी झाली! आम्ही टाळ्या पिटल्या. तिने जपमाळ काढून घेतली आणि दुसऱ्या हाताने वडिलांचा हात धरला. "देवा, चहाची किटली घे. विळी घे. थोरलीचं तोंड तर आधी घे, फार चालतं." थोरली म्हणजे मी. "आणि हा माणूस. सांभाळून घे, रात्री घोरतो."

एवढं बोलून ती थांबली. तिची मान एकीकडे वळली, डोळे पांढरे झाले, अंग ताठ होऊन थरथरू लागलं. आम्ही आणखी जोरात म्हणू लागलो, 'हिच्यासाठी विनंती कर.' आई वडिलांपेक्षा कितीतरी छान मरत होती.

"गप बसा!" वडील ओरडले. "टांगा आणा कुणीतरी!"

दारात जमलेली आळी हसली. "वा दाजी, आज जोडीनं व्हय?"

कुणी हललं नाही. वडिलांनाही उठता येईना. आईच्या मुठीत त्यांची बोटं अडकली होती आणि मूठ सुटत नव्हती. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं तेव्हा मावशींचं हसू एकदम थांबलं. अनवाणीच धावल्या त्या टांग्यासाठी. वडील तसेच कोटात, हात आईच्या हातात ठेवून, पुण्याच्या दवाखान्यात गेले.

बाळ गेलं. जाण्याआधी वडिलांनी स्वतःच नळाचं पाणी त्याच्या कपाळावर घालून बाप्तिस्मा दिला, आणि त्याला दोन्ही हातांत धरून ठेवलं. नर्सबाईंना ते मागून घ्यावं लागलं. आई वाचली. अंगात रक्त नसलेली, भिंत धरत चालणारी आई घरी आली.

पुढच्या पहिल्या शुक्रवारी आम्हाला वाटलं, आता हे बंद होणार. पण वडील अंघोळ करून आले आणि चटईवर पडले. आळीतलं एकही माणूस दारात फिरकलं नाही. या वेळी सायकल नाही, तंबाखू नाही. त्यांनी पहिलंच आईचं नाव घेतलं, कडू औषध गिळावं तसं झटकन. "तुझीच आहे."

'घे' काही म्हणाले नाहीत. एक डोळा उघडून त्यांनी चुलीकडे पाहिलं.

"आहे अजून," आई म्हणाली.