तुळजाक्काची मुकी पट्टी

रामनगरच्या बसथांब्यापासून गोव्याच्या दिशेनं चालत निघालं की पिठाच्या गिरणीपुढं एक कौलारू घर लागतं. दारावर पत्र्याचा बोर्ड आहे. ‘गायन व सुरुवातीचा पियानो शिकवला जाईल. तुळजा मिराशी.’ आणि त्याच्या खाली लाल अक्षरांत, ‘हॉर्न ओके प्लीज.’ बोर्ड रंगवला होता ट्रकांच्या पाठी रंगवणाऱ्या गणपतीनं. खाली वीतभर जागा उरली, ती मोकळी सोडणं त्याच्या हाताला जमलं नाही. पुसून दे म्हटलं तर म्हणाला, पक्का रंग हाय, धा वर्सं जायचा न्हाई. तेव्हापासून रस्त्यानं जाणारे ट्रकवाले घरासमोर आले की इमानानं हॉर्न वाजवतात, आणि तुळजाक्काकडं शिकणारी पोरं खालचा सा लावता लावता तेवढ्यापुरता आवाज चढवायला शिकली आहेत.

तुळजाक्का मूळची खानापूरकडची. वडील गावच्या भजनात पेटी वाजवायचे, त्यांच्या मांडीशी बसून तिचं गाणं झालं. लग्न होऊन रामनगरला आली ती पत्रे-सिमेंटच्या दुकानदाराच्या घरी. नवरा शिवानंद हा शांत माणूस. गाण्यातलं त्याला एवढंच कळायचं की बायको गात असली म्हणजे रागावलेली नाही.

पियानो मात्र ती शिकली नव्हती, तो तिच्या घरी येऊन पडला. धाकटा दीर नागेश फोंड्याला लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. बँड मोडला, नागेशनं पावभाजीची गाडी काढली, आणि कीबोर्ड वहिनीच्या खाटेवर ठेवून, चार दिवस राहू दे, म्हणून जो गेला तो अकरा वर्षं झाली. सोबत एक पुस्तिका होती, चिनी भाषेतली. तुळजाक्कानं नुसती चित्रं बघून दोन पावसाळ्यांत दोन्ही हात बसवले. पहिल्या बटणानं जो आवाज यायचा त्याला नागेश पियानो म्हणायचा, म्हणून ते वाद्य पियानो. दुसऱ्या बटणाला तो बासरी म्हणायचा, पण ते दाबलं की शेजारची गिरणी सुरू झाली असं वाटायचं, त्यामुळं दुसरं बटण कुणी दाबत नसे.

या पियानोत एक खोट होती. मधल्या सप्तकातला ग वाजत नव्हता. पट्टी दाबली जायची, वर यायची, आवाज शून्य. एका पावसाळ्यात मुंग्यांनी आत घर केलं, तेव्हापासून हे झालं. बेळगावच्या दुरुस्तीवाल्यानं उघडून बघितलं आणि सांगितलं, हे मॉडेल आता बनत नाही, नवीन घ्या. तुळजाक्काला ते पटेना. एका सुरापायी सगळं वाद्य कोण टाकतं? आणि देवानं तोंड कशाला दिलंय? तिनं पोरांना सांगितलं, ग आला की पट्टी दाबायची आणि तोंडानं ‘ग’ म्हणायचं, पण सुरात. पोरांनी ते असं उचललं की महिन्याभरात कुणाला त्यात काही वेगळं आहे हेच वाटेना. सा रे वाजायचा, ग म्हटला जायचा, म प पुन्हा वाजायचा. ऐकून ऐकून तुळजाक्कालाही तो ग वाद्यातूनच येतो असं वाटायला लागलं.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर तिच्या दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. लुंगी, वर स्वच्छ शर्ट, पायात रबरी चप्पल. नाव झिलू वेळीप, गाव दिग्गी. तिथून चालत रस्त्याला येऊन, मग दोन बस बदलून तो आला होता. तुळजाक्काला वाटलं, नातवाचं नाव घालायला आलाय. पण शिकायचं होतं त्याला स्वतःला, आणि गाणं नाही, पियानो.

त्याची हकिगत त्यानं चहा पिता पिता सांगितली. सुप्याच्या धरणाचं काम चालू होतं त्या काळात कुळगीच्या पलीकडं रानात एका साहेबाचा बंगला होता. साहेबाच्या बायकोसाठी पियानो आला. पावसानं वाटेत ओढ्यावरचा साकव वाहून नेलेला, ट्रक अलीकडंच अडला. मग नऊ माणसांनी वेळूच्या काठ्या बांधून तो खांद्यावरून नेला. दोन दिवस लागले. झिलू तेव्हा एकोणीस वर्षांचा. बंगल्यावर पोचल्यावर बाईनं सगळ्यांना चहा दिला, पियानो आत घेतला आणि दार लावलं. नऊ जण बाहेर फणसाखाली बसून राहिले, वाजेल म्हणून. संध्याकाळपर्यंत वाजला नाही. पुढल्या महिन्यात साहेबाची बदली झाली आणि दुसऱ्या माणसांनी तो उचलून नेला.

“खांद्याचं सालटं गेलं माझ्या,” झिलू म्हणाला. “पण त्यात हाय काय, ते कळलं न्हाई. आता उरलोय मी येकटाच. म्हटलं, बघावं.”

तुळजाक्कानं त्याला खाटेपाशी नेलं. त्यानं कीबोर्ड पाहिला, एका हातानं उचलून पाहिला आणि तिच्याकडं संशयानं बघितलं. हा त्याच जातीचा आहे, फक्त लहान, असं तिनं समजावलं. तेवढ्यात पट्ट्यांच्या फटीतून मुंग्यांची रांग बाहेर आली. झिलूनं वाकून नीट निरखलं आणि या चटणीच्या मुंग्या नव्हेत, असा निर्वाळा दिला. त्याच्याकडं ज्यांची चटणी वाटून खातात त्या तांबड्या मुंग्या मोठ्या असतात. मग तो बसला आणि पहिला धडा सुरू झाला.

झिलूची बोटं जाड होती, एका वेळी दोन पट्ट्या दबायच्या. पण गडी चिकाटीचा. दर गुरुवारी यायचा, सोनाली आणि निखिल या सहावीतल्या दोन पोरांच्या शेजारी बसून त्यांच्यासारखाच धडा गिरवायचा. अडचण एकच होती, त्याचा ग. आयुष्यभर एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर हाक मारलेला तो आवाज. सा रे हळूच वाजायचा आणि मग असा ‘ग’ यायचा की शिवानंद दुकानातून घरी फोन करायचा, काय झालं म्हणून. तुळजाक्कानं किती वेळा सांगितलं, झिलूभाऊ, हळू. तो म्हणायचा, हळूच म्हटला की.

मार्चमध्ये बेळगावच्या एका संगीत संस्थेची पियानोची पहिली परीक्षा होती. तुळजाक्कानं तिघांचे फॉर्म भरले. परीक्षेच्या दिवशी सकाळच्या बसनं चौघं निघाली. झिलूनं इस्त्रीचा सदरा घातला होता आणि मांडीवर पिशवीत रानातला एक भलामोठा कंद घेतला होता, परीक्षा घेणाऱ्याला द्यायला. मोकळ्या हातानं कुणाच्या घरी जाऊ नये, असं त्याच्या बायकोनं सांगितलं होतं. घर नव्हे, संस्था आहे, असं तुळजाक्का म्हणाली. मग तर मोठा न्यायला पायजे होता, असं तो म्हणाला.

परीक्षक बाई गोव्याहून आल्या होत्या. पांढरे केस, दोरीला अडकवलेला चष्मा, चेहरा इस्त्री केल्यासारखा. परीक्षेच्या खोलीत खराखुरा पियानो होता, काळा, माणसाच्या छातीएवढा. तुळजाक्काला आत प्रवेश नव्हता. ती बाहेर बाकावर बसली आणि दाराला कान लावल्याशिवाय जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकू लागली.

आधी सोनाली गेली. सा, रे वाजले. मग पियानोचा ग आला आणि त्याच्या डोक्यावर सोनालीचा, ‘ग’.

तुळजाक्का बाकाच्या कडेला सरकली. या पियानोचा ग वाजणार होता. पोरांना हे सांगायचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आत सोनाली न थांबता पुढं गेली, आणि जेव्हा जेव्हा ग आला तेव्हा तेव्हा म्हणाली. निखिल गेला, त्याचंही तेच, वर तो पाय हलवून म्हणत होता. तुळजाक्कानं पदराचं टोक तोंडात धरलं. झिलूला आत जाण्याआधी सांगावं म्हणून ती उठली, तर तो दुसऱ्या दारानं केव्हाच आत गेला होता.

बराच वेळ काही वाजलं नाही. काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मग सा. मग रे. आणि मग असा ‘ग’ की कौलांवरची कबुतरं उडाली आणि शेजारच्या खोलीतला तबला थांबला.

दार उघडून परीक्षक बाईंनी तिला आत बोलावलं. त्यांच्या कागदांवर चहा सांडला होता. कंद पियानोवर बसला होता. झिलू खुर्चीत ताठ बसून होता, एक ग झाल्यावर पुढं जायचं की नाही याची परवानगी मिळायची वाट बघत.

“तुम्ही यांच्या शिक्षिका?” बाईंनी विचारलं.

“व्हय.”

“हे तिघंही मध्येच ओरडतात. का?”

तुळजाक्कानं खाली मान घालून सगळं सांगितलं. नागेश, मुंग्या, दुरुस्तीवाला, काही लपवलं नाही. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी पियानोचं झाकण लावलं आणि झिलूला म्हणाल्या, पट्टीला हात न लावता तेवढाच सूर म्हणा. झिलूनं म्हटला. बाईंनी झाकण उघडून पट्टी दाबली. सूर पट्टीवर तंतोतंत बसला. त्यांनी मग भलतेच दहा-बारा सूर उलटसुलट वाजवून त्याचा कान भरून टाकला आणि पुन्हा म्हणायला लावला. पुन्हा तोच. मग राहिलेला धडाही त्याच्याकडून वाजवून घेतला. सोनालीला आणि निखिलला बोलावलं. तिघांचा ग एकाच जागी, केसाचा फरक नाही. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“पियानोत हे तिघं कसेबसे पास आहेत,” त्या म्हणाल्या. “यांना गायनाला का नाही बसवलं?”

“गायनाला न्हाई अजून तयार झाली,” तुळजाक्का म्हणाली. वडलांच्या मांडीशी बसून शिकलेल्या बाईला याबाबतीत उगाच ढील देणं जमलं नसतं.

बाई हसल्या असाव्यात, नक्की सांगता येत नाही. मग त्यांनी झिलूला विचारलं, आल्या आल्या तुम्ही पियानोचा कोपरा का उचललात? सरकल्याचा आवाज तो होता तर. झिलू म्हणाला, वजन बघत होतो, आमचा याच्याहून जड होता. आणि साहेबाच्या बंगल्याची हकिगत त्यानं त्यांनाही सांगितली. बाहेर दहा-बारा परीक्षार्थी खोळंबले होते. परीक्षक बाई उठल्या, पियानोवरचा कंद उचलून खुर्चीवर ठेवला, पियानोच्या माथ्यावरचं झाकण उघडलं आणि पुढची फळी काढून बाजूला लावली.

झिलू आत वाकला. बाईंनी एक एक पट्टी दाबून दाखवली, आत कुठला हातोडा उठतो आणि कुठल्या तारेला लागतो ते. तो बघत राहिला. पोरंही त्याच्या काखेखालून वाकून बघायला लागली.

“येवढ्या तारा,” शेवटी तो म्हणाला. “आन् आम्ही त्या साऱ्या दोन दिस वाहिल्या.”

परतीच्या बसमध्ये तो खानापूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला होता. त्याला वाईट वाटतंय की बरं, हे तुळजाक्काला कळेना. खानापुरात त्यानं उतरून सगळ्यांसाठी गरम भजी आणली, तेव्हा तिनं ठरवलं की बरंच वाटत असावं.

ही बातमी रामनगरात तिच्याआधी पोचली, कारण निखिलनं आईला फोन केला होता. पण पोचता पोचता बातमीचं असं झालं की गोव्याच्या बाईंनी झिलूचा आवाज ऐकून पियानो फोडून आत काय आहे ते बघितलं. तुळजाक्कानं दोन दिवस खुलासे केले, मग सोडून दिलं.

पुढच्या गुरुवारी झिलू आला तो बायकोला घेऊन. फुला नाव, बारीक, काटक बाई. आपल्याला शिकायचं काही नाही, नवरा दर आठवड्याला कुठं जातो ते डोळ्यांनी बघायला आले, असं तिनं उंबऱ्यातच सांगून टाकलं. भिंतीला टेकून तिनं नवऱ्याचा धडा ऐकला. धडा संपल्यावर म्हणाली, हे असं तुकडे तुकडे का म्हणतात? सलग का न्हाई म्हणत? आणि भातलावणीच्या वेळी शेतात म्हणायचं एक गाणं तिनं बसल्या बसल्या म्हणून दाखवलं.

तुळजाक्कानं वही ओढली. सूर लिहायला गेली तर एक सूर कुठल्याच घरात बसेना, रे आणि ग यांच्या मधे कुठंतरी होता, आणि फुला मात्र दर वेळी नेमकी तिथंच जाऊन उभी राहायची. तुळजाक्कानं म्हणून बघितलं. फुलानं मान हलवली. पुन्हा म्हटलं. पुन्हा न्हाई.

“उभ्यानं न्हाई यायचं ते,” फुला म्हणाली. “वाकायला लागतं, आक्का. कमरेत वाका. डाव्या हातात भातरोपांचा तरवा धरल्यागत धरा. आन् मागं मागं सरत चला.”

तुळजाक्काचे गुडघे दुखायचे. तरी ती वाकली. तरव्याच्या जागी झिलूनं तिच्या हातात खराटा दिला. फुला पुढं, तुळजाक्का मागं, दोघी वाकून, एक एक पाऊल मागं टाकत बाहेरच्या खोलीतून दाराकडं निघाल्या, आणि तिसऱ्या पावलाला तो सूर आला. नीट आला. फुला म्हणाली, आता व्हय.

त्याच वेळी दारात एक बाई येऊन उभी होती, जगलबेटहून मुलीला शिकवणीला घालायला आलेली. तिनं बोर्डाकडं बघितलं, आत बघितलं, मुलीचा हात घट्ट धरला आणि पियानोची शिकवणी ती हीच का, असं विचारलं.

“हीच,” तुळजाक्का वाकल्या वाकल्याच म्हणाली. “चपला भाईर काढा आन् पोरीला हिकडं रांगेत उभी करा.”